वायफाय झोपू नये म्हणून: केंद्रचालक संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
सेवा केंद्रांतील संगणकांची देखभाल पाहणारे अधिकारी

महोदय,

रावेर-यावलपासून साक्री-शिरपूरपर्यंत गावोगावी आपले सरकार सेवा केंद्र चालवणारे आम्ही हे मागणीपत्र देत आहोत.

केळीच्या विम्याचा अर्ज भरताना ओटीपी जातो शेतकऱ्याच्या मुलाच्या मोबाइलवर आणि मुलगा असतो सुरतेला, कामावर. त्याचा फोन लागेपर्यंत पाच-दहा मिनिटे कीबोर्डला कोणाचा हात लागत नाही. तेवढ्यात वायफाय सुटते, पोर्टल बाहेर काढते, भरलेला अर्ज जातो. समोरचे आजोबा विचारतात, "नेट परत गयं का भाऊ?" उत्पन्नाच्या दाखल्याचेही हेच. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे मुदत अर्ज स्वीकारल्यापासून मोजतात. अर्ज पोहोचलाच नाही, तर त्या माणसाचा दिवस कुठेच मोजला जात नाही.

तक्रार केली की 'लाइन खराब' असे उत्तर येते. लाइन खराब नाही. त्याच वेळी, त्याच राउटरवर आमचा मोबाइल चालू असतो. संगणक रिकामा बसला की विंडोज वीज वाचवण्यासाठी वायफाय कार्ड बंद करते आणि काही यंत्रांत ते नीट जागे होत नाही. बॅटरीवरच्या लॅपटॉपला ही सोय ठीक आहे. पण हे कार्ड एका एलईडी बल्बपेक्षा कमी वीज खाते, आणि आमची यंत्रे दिवसभर भिंतीच्या प्लगवर असतात.

म्हणून पहिली मागणी: डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधली, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढावी आणि पॉवर ऑप्शन्समध्ये वायरलेस 'मॅक्सिमम परफॉर्मन्स'वर ठेवावे. काही नव्या लॅपटॉपवर हे पर्याय दिसत नाहीत. तिथे कार्डाचा ड्रायव्हर नवा टाकून पाहावा. हे आम्हीच केले असते, पण ॲडमिनचा पासवर्ड आमच्याकडे नाही. तो द्या, किंवा तंत्रज्ञ पाठवा.

दुसरी मागणी त्याहून सोपी. राउटर त्याच खोलीत आहे, तिथे लॅनची केबल द्या. केबलवरच्या संगणकाला वायफायची गरजच उरत नाही.

आणि तपासल्याशिवाय 'लाइन खराब' असा शेरा मारून तक्रार बंद करू नये.

तंत्रज्ञाला गावोगाव फिरणे जमत नसेल, तर तालुक्याच्या ठिकाणी एक दिवस ठरवा. आम्ही यंत्रे उचलून आणू.

आपले,
जळगाव व धुळे जिल्ह्यांतील केंद्रचालक