गोलरक्षकाचे देणे

१९५६, १९६० आणि १९६४ या तिन्ही ऑलिंपिकच्या हॉकी अंतिम सामन्यांत भारतासमोर पाकिस्तानच उभा होता आणि तिन्ही सामने १-० असेच संपले. तिन्ही वेळा भारताच्या गोलात होते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शंकर लक्ष्मण. तीन अंतिम सामन्यांत मिळून त्यांनी एकच गोल खाल्ला. १९६० च्या रोममधल्या त्या एका गोलाने १९२८ पासून भारताकडे असलेले सुवर्णपदक हिरावले गेले, आणि चार वर्षांनी टोकियोत लक्ष्मण यांच्याच भक्कम बचावाच्या बळावर ते परत आले. रणधीरसिंग जंटल, नसीर बुंदा, मोहिंदरलाल या गोल करणाऱ्यांची नावे निकालाच्या नोंदीत कायमची राहिली. गुणफलकावर अडवलेल्या फटक्यांना मात्र जागा नसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मगाव म्हणून मराठी माणसाला ठाऊक असलेल्या महूत १९३३ साली लक्ष्मण जन्मले. १९४७ मध्ये ते लष्कराच्या बँड पथकात भरती झाले. फुटबॉलवेडा हा मुलगा हॉकीकडे वळला तो लष्करात. डोक्याला हेल्मेट नाही, छातीला आजच्यासारखे कवच नाही, पायाला साधे पॅड. अशा साधनांनिशी ते पेनल्टी कॉर्नरच्या तडाख्यासमोर उभे राहत. १९५६ मध्ये मेलबर्नला भारताने ३८ गोल केले आणि एकही स्वीकारला नाही. त्या संघातले दुसरे गोलरक्षक होते मद्रासचे रंगनाथन फ्रान्सिस. १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत तर भारताचे नेतृत्वच लक्ष्मण यांच्याकडे होते. गोलरक्षक कर्णधार, आणि सुवर्णपदक! अर्जुन पुरस्कार आणि पद्मश्रीही मिळाली. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या संघात मात्र त्यांना घेतले नाही. भारत कांस्यपदकापर्यंत घसरला.

लष्करातून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेल्या या माणसाचे अखेरचे दिवस महूत हलाखीत गेले. पायाला गँगरीन झाले होते. २९ एप्रिल २००६ रोजी ते गेले. दोन ऑलिंपिक सुवर्णे आणि एक रौप्य मिळवणाऱ्या खेळाडूच्या उपचारांची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न तेव्हा देशाने स्वतःला विचारायला हवा होता. २०२४ मध्ये गोलरक्षक पी. आर. श्रीजेश यांच्या निवृत्तीनंतर त्यांची १६ क्रमांकाची जर्सीही सन्मानाने निवृत्त झाली, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण हे भान येण्याआधी एक पिढी उपेक्षेत संपली.

महाराष्ट्रालाही यात हात झटकता येणार नाहीत. ऑलिंपिक पदकविजेते कुस्तीपटू खाशाबा जाधवांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये एकही गोल होऊ न देणारे रिचर्ड ॲलन नागपुरात जन्मले, हे खुद्द नागपुरात किती जणांना माहीत आहे? लक्ष्मण तर मराठा पलटणीचे. या पलटणीच्या रणांगणावरच्या पराक्रमाचा आपल्याला जेवढा अभिमान आहे, तेवढाच या पराक्रमाचाही असायला हवा. म्हणून राज्याच्या क्रीडा विभागाने दोन गोष्टी कराव्यात. लक्ष्मण यांच्या नावाने गोलरक्षकांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण सुरू करावे आणि त्यात पॅड, हेल्मेटसह संपूर्ण साहित्य मुलामुलींना मोफत द्यावे, कारण गरीब घरचे मूल या जागेपासून दूर राहते ते त्या खर्चामुळेच. दुसरे म्हणजे, महाराष्ट्रात राहणाऱ्या प्रत्येक माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूच्या आजारपणाचा खर्च सरकारने, त्याला अर्ज करायला न लावता, उचलावा.