एक किल्ली, सात खिसे

गेल्या वार्षिक सभेत आम्ही एक साधा प्रश्न विचारला. सभासद नोंदणीच्या संगणकाचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे? व्यासपीठावर सात पदाधिकारी होते. सातही जणांकडे होता! शिवाय मागच्या कार्यकारिणीतील दोघांकडे आणि ज्या मुलाने यंत्रणा बसवून दिली त्याच्याकडेही. वापरकर्त्याचे नाव एकच, 'अ‍ॅडमिन'. पासवर्ड म्हणजे मंडळाचे नाव आणि स्थापनेचे साल. ते साल आपल्या कमानीवर कोरलेले आहे.

सभेत हशा पिकला. आम्हाला हसू आले नाही. ही यादी हीच मंडळाच्या निवडणुकीची मतदारयादी. यंदा तीतून काही जुन्या घरांची नावे गळाली. कोणी खोडली? संगणक सांगतो, 'अ‍ॅडमिन'ने. यंत्राला माणूस कळत नाही, नाव कळते. सातांनी एकच नाव घेतले की जबाबदार कोणीच उरत नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते असे.

"सगळी आपलीच माणसे, अविश्वास कशाला?" असे आम्हाला सुनावण्यात आले. आमचे म्हणणे उलट आहे. प्रत्येकाचे नाव वेगळे असेल तरच प्रामाणिक माणसावरचा आळ टळेल. आज सातही जण संशयाच्या छायेत आहेत, तेही विनाकारण.

"ही तांत्रिक बाब, पोरांवर सोडा" हा दुसरा युक्तिवाद. तिजोरीची किल्ली कोणाकडे, हे कधी लोहाराने ठरवले आहे काय? जगभर गाजलेल्या ओरॅकल या डेटाबेससोबत पूर्वी 'स्कॉट' नावाचे नमुना खाते येई आणि त्याचा पासवर्ड 'टायगर' असे. हे सर्वांना ठाऊक, तरी कित्येक ठिकाणी ते खाते तसेच उघडे राहिले. दोष यंत्राचा नव्हता, मालकांच्या आळसाचा होता.

आता भाषेचे. यंत्रणेत आपली आडनावे रोमन लिपीत चढवली आहेत. त्यामुळे काळे आणि काले एक झाले, गोळे आणि गोले एक झाले. देवनागरीला जागा जास्त लागते, हे खरे. 'कुलकर्णी' लिहायला यंत्राला २४ बाइट लागतात, रोमनमध्ये आठ-नऊ. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये वापरकर्त्याच्या नावाला ६३ बाइटांची मर्यादा आहे. म्हणून लॉगिनचे नाव रोमन ठेवा, तक्रार नाही. पण सभासदाच्या नावाच्या रकान्याला ही अडचण नाही. तिथे 'ळ' गमावण्याचे कारण काय?

आमच्या मागण्या अशा :

१. प्रत्येक पदाधिकाऱ्याला स्वतंत्र नाव व स्वतंत्र पासवर्ड. खजिनदाराने वर्गणी नोंदवावी, सभासदाचे नाव खोडण्याचा अधिकार त्याला नसावा. डेटाबेसमध्ये असे अधिकार वेगवेगळे देता येतात.

२. पद सुटले की त्याच दिवशी खाते बंद. खाते पुसू नये, कुलूप लावावे, म्हणजे जुन्या नोंदी कोणाच्या ते कळत राहील.

३. पासवर्ड लांब असावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द पुरेत. दर तीन महिन्यांनी बदलण्याची सक्ती नको. अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी २००३ साली चिन्हे-आकड्यांचे नियम लिहिणारे बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी संस्थेने ठरावीक मुदतीने बदलण्याची शिफारस मागे घेतली. मात्र फुटल्याचा संशय येताच तत्काळ बदलावा.

४. मुख्य पासवर्ड लाखबंद पाकिटात, दोन विश्वस्तांच्या सहीने.

५. सभासदांची नावे देवनागरीत.

यादीत आपले पत्ते आहेत, दूरध्वनी आहेत, मुलाबाळांची नावे आहेत. सीमाभागात अशी यादी भलत्या हाती पडणे म्हणजे काय, हे जुन्या घरांना सांगायला नको. १९५६ पासून आपण सरकारी आकड्यांवर बोट ठेवत आलो. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तेव्हाही कुठे किती मराठी घरे हाच प्रश्न होता. दुसऱ्यांच्या याद्यांचा हिशेब मागणाऱ्यांनी आपली यादी उघड्यावर टाकावी, हे शोभत नाही.

पुढील सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. घरटी एक माणूस तरी या. आणि येण्यापूर्वी यादीत आपले नाव आहे ना, तेवढे पाहून या.