लोणारच्या गाळाला विचारा

‘न भूतो’ दुष्काळ, असं शीर्षक मी बातमीला किती वेळा दिलं असेल, देव जाणे. पण आपल्या पर्जन्यमापकाची वही किती जुनी? फार तर शंभर-दीडशे वर्षं. लोणार सरोवराच्या तळातला गाळ दहा हजार वर्षांहून जुना आहे.

शास्त्रज्ञांनी तिथे नळी खुपसून सुमारे १० मीटर गाळ काढला, कार्बनवरून थरांचं वय ठरवलं. काही थरांत गेलुसाइटचे खडे निघाले. पाणी आटून फार खारट झालं की हे खनिज तयार होतं. त्यातला एक कोरडा काळ सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा. वाऱ्याची नोंद अरबी समुद्राच्या तळाशी. नैऋत्य वारे जोरात वाहिले की ओमानकडे खालचं थंड पाणी वर येतं. त्यात वाढणाऱ्या एका सूक्ष्म जीवाची कवचं तळाशी जास्त साचतात.

म्हणजे पावसाने इथे सातशे वर्षं हात आखडला होता! आणि आपण? ‘पुढच्या साली पडेल की’ म्हणत आणखी एक बोअर मारतो. पाण्याचं नियोजन पाच वर्षांच्या निवडणुकीवर नको, या गाळाच्या हिशेबाने करा. आणि ‘न भूतो’ लिहिण्याआधी मीही आता दहादा विचार करीन.