विश्लेषण : अंजीर, शतावरी, मुसळी... खाऊन खरंच कामेच्छा वाढते का?

लग्नसराई आली की मोबाइलवर दोन गोष्टी न मागता येतात. एक कर्जाच्या ऑफर, दुसरी ‘जोश’ वाढवणाऱ्या चूर्णांच्या जाहिराती. पुणे-सातारा महामार्गावर कापूरहोळहून सासवडकडे वळलं, की पुरंदरचा अंजीर पट्टा लागतो. भोरकडे वळलं, तर वरंध घाटाने महाडला, कालवं खाणाऱ्या कोकणात उतरता येतं. अंजीर आणि कालवं, दोन्ही जगभर प्रणयाचं खाद्य म्हणून प्रसिद्ध. इथे मात्र एक २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं नगदी फळ आणि दुसरं रोजच्या जेवणातलं कालवण. त्याने कुणाच्या अंगात वेगळं काही संचारल्याचं ऐकिवात नाही.

समजूत आली कुठून?

बरीचशी रूपावरून. अंजिरात असंख्य बिया, म्हणून ते संततीचं फळ. शेवग्याचं नाव तमिळनाडूत एका सिनेमामुळे झालं. भाग्यराज यांच्या १९८३ च्या ‘मुंदानै मुडिच्चु’नंतर तिकडे शेंग म्हटली की लोक गालात हसतात. आपण ती आमटीत घालतो आणि विसरतो.

आयुर्वेदाच्या आठ अंगांत ‘वाजीकरण’ हे एक अंग आहे. त्यात दूध, तूप, उडीद, कवचबीज, शतावरी येतात. यादी नीट पाहिली तर बरेचसे पदार्थ पोषणाचे आहेत. ज्या काळी पोटभर जेवण हीच चैन होती, तेव्हा दूध-तुपाने अंगात तरतरी आली तर नवल नाही. शतावरीचंच पाहा. आपल्याकडे ती बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात. कापूरहोळ म्हटलं की धाराऊ आठवतात. १६५७ मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या याच गावच्या. शतावरी हे अशा आयांचं औषध. आज त्याच मुळीच्या डबीवर दंड फुगवलेला पुरुष असतो.

या समजुतीची दुसरी बाजूही होती. जे वासना चेतवतं, ते काहींना खाऊच द्यायचं नाही. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून आदल्या दिवसांत कांदेनवमीला भजी खाऊन घ्यायची, ही झाली गंमत. पण विधवांच्या पानातून कांदा, लसूण, मसूर काढून घेतले गेले, ते याच तर्काने. ती गंमत नव्हती. (युनानी वैद्यकात आणि जुन्या युरोपात कापूर वासना थंड करतो, असं मानत. कापूरहोळच्या नावाशी त्याचा संबंध कुणी जोडू नये.)

विज्ञान काय सांगतं?

फारसं काही नाही. केशर, अश्वगंधा, जिनसेंग यांच्या छोट्या चाचण्यांत थोडा फरक दिसला, पण माणसं कमी आणि काळ थोडा. कालवांत जस्त भरपूर असतं. शरीरात त्याची कमतरता असेल तर ती भरून निघते, नसेल तर जास्तीचं खाऊन काही होत नाही. चॉकलेटमधलं ‘प्रेमाचं रसायन’ मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच बहुतांश मोडून जातं. जायफळ जास्त खाल्लं तर विषबाधा होते.

सफेद मुसळीची गोष्ट वेगळी. तिचं शास्त्रीय नाव बोरिवलीवरून पडलं आहे, इतकी ती सह्याद्रीतली. तिच्या जातकुळीतली कोवळी पानं पावसाळ्यात फोडशी किंवा कुलू म्हणून भाजीला येतात. पानं खुडली तर कंद जमिनीत राहतो. पण शहरातल्या ‘ताकदी’साठी कंदच उपटला जातो आणि पुढच्या पावसात तिथे भाजीही उगवत नाही.

खरा धोका कशात?

अंजिरात नाही, डबीत. ‘शंभर टक्के वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक उत्पादनांत अमेरिकेच्या औषध प्रशासनाला सिल्डेनाफिल हे डॉक्टरच्या चिठ्ठीचं औषध सापडलं आहे. हृदयविकारासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने नकळत ते खाल्लं, तर रक्तदाब एकदम कोसळतो. चूर्णाने अर्ध्या तासात गुण आला, तर खूश होण्याआधी त्यात काय मिसळलंय याची शंका घ्यावी.

कायदा जुना आहे. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तरीही जाहिराती थांबत नाहीत, कारण फसलेला माणूस तक्रार करत नाही. पोलिस ठाण्यात सांगायचं तरी काय?

त्याहून मोठं नुकसान वेळेचं. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा अरुंद असतात. त्यामुळे ताठरतेची अडचण अनेकदा हृदयविकाराच्या काही वर्षं आधी दिसते. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, दारू, नैराश्य हीही कारणं. चाळिशीतला माणूस दोन वर्षं चूर्णं बदलत राहिला, तर ही सूचना वाया जाते. बायकांबद्दल तर जाहिराती बोलतच नाहीत. तिची इच्छा ओसरण्यामागे रक्तक्षय, थायरॉइड, बाळंतपणानंतरचा थकवा असू शकतो, किंवा घरचं-शेतातलं काम आवरून रात्री अकराला पाठ टेकणं एवढंच.

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून मिळते. तिथे जाताना घेत असलेल्या चूर्णाची डबी सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा.