नव्या पट्ट्याचं प्रोबेशन

ऑनसाइटला मिनेसोटात जायचं फायनल झालं तेव्हा आईने थर्मलचे चार जोड, मेतकूट आणि गोडा मसाला बांधून दिला. मावशीने कानटोपी दिली. स्नोमोबिलच्या पट्ट्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. काढणार तरी कोण म्हणा! आमच्या पेठेत बर्फ फक्त उसाच्या रसात असतो.

पहिला हिवाळा मी घर-ऑफिस-घर करत काढला आणि पार आंबलो. शेवटी टीममधला एक इथलाच पोरगा म्हणाला, "अरे, बाहेर पड! नाहीतर वेडा होशील." इथली मंडळी स्नोमोबिलला लाडाने 'स्लेड' म्हणतात आणि ती आपल्याकडच्या स्कूटरसारखी घरटी एक असावी असं वाटतं. पोलारिस कंपनी १९५४ साली इथल्याच रोझो नावाच्या इवल्याशा गावात सुरू झाली. राज्यात स्नोमोबिलच्या ट्रेल्स आहेत तब्बल २२,००० मैल! (१९७६ नंतर जन्मलेल्यांना आधी सेफ्टीचा कोर्स करून सर्टिफिकेट घ्यावं लागतं. मी घेतलं. पट्ट्याच्या धड्याच्या वेळी बहुधा डुलकी लागली होती.) तर मीही एक सेकंडहँड स्लेड घेतली. सॉल्लिड खूश!

गेल्या जानेवारीत एका शुक्रवारी रात्री तिला कोरा पट्टा चढवला. शनिवारी सकाळी गोठलेलं तळं, समोर चिटपाखरू नाही... मग काय, थ्रॉटल पूर्ण दाबलं. दुपारी साडेतीनला एकदम ठाप्प! इंजिनाचा आवाज आभाळाला, गाडी मात्र हळूहळू थांबली. पट्टा तुटला होता. 'नो टेन्शन' म्हणत मी बॉनेटखालचा स्पेअर काढला. तो मला एका दुकानदाराने "नंबर थोडा वेगळा आहे, पण चालून जातो" म्हणत दिला होता. बसवताना घट्ट गेला. इंजिन सुरू केलं तर थ्रॉटलला हात न लावताही गाडी पुढे सरकायला लागली. मला वाटलं, वा, काय पिकअप आहे! पाच मैलांत जळक्या रबराचा वास आणि धूर.

उणे २२ सेल्सिअस. पाचला सूर्य मावळणार. रस्ता अकरा मैल लांब. मित्राने दोर काढला. आधी माझ्या गाडीतले पट्ट्याचे अवशेष काढले, कारण पट्टा क्लचमध्ये असताना गाडी ओढायची नसते, ट्रॅक मोकळा फिरत नाही. आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. हँडलमधले हीटर चालतात इंजिनावर. इंजिन बंद म्हणजे हीटर बंद. अकरा मैल मी दोराच्या टोकाला बसून बोटं हलवत होतो. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पांढरी पडली होती. पुढे आठवडाभर कीबोर्डवर 'पी' दाबला की कळ यायची. मॅनेजरला मी "रिस्ट पेन" सांगितलं.

आता जरा फंडा क्लिअर करू. तुम्ही गिअर नसलेली स्कूटर चालवता ना? मग हा पट्टा तुमच्याही बुडाखाली आहे. कायनेटिक होंडापासून आजच्या ॲक्टिव्हापर्यंत सगळ्यांत हीच करामत. दोन क्लच, म्हणजे दोन-दोन उतरत्या थाळ्या समोरासमोर, आणि त्यांच्यात चिमटलेला पट्टा. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या क्लचमधली वजनं बाहेर फेकली जातात, थाळ्या जवळ येतात, पट्टा वर चढतो. मागच्या क्लचमध्ये तो खोल उतरतो. झाला गिअर बदल, तोही तुम्हाला न विचारता. स्कूटरमध्ये या पट्ट्यावर जेमतेम आठ घोड्यांचा भार. स्लेडमध्ये शंभर, दीडशे. सगळा भार पट्ट्याच्या दोन बाजूंवर, फक्त घर्षणाच्या जोरावर!

म्हणून पट्टा घेताना 'दिसायला सेम' हा निकष नाही. लांबी, वरची रुंदी, बाजूंच्या उताराचा कोन आणि रबराचा कडकपणा, चारही जुळायला हवेत. तेच इंजिन पण मॉडेलचं वर्ष वेगळं, तर पट्टाही वेगळा असू शकतो. मॅन्युअल उघडा, पार्ट नंबर लिहून घ्या, तोच मागा. आखूड पट्टा काय करतो ते वर वाचलंतच. लांब पट्टा उलटा खेळ करतो, गाडी उठताना मरगळते आणि पट्टा घसरत राहतो. कंपनीचाच घ्यावा की बाहेरचा? गेट्स किंवा डेकोसारख्यांचे पट्टेही चांगले असतात, आत अ‍ॅरामिडचे धागे (बुलेटप्रूफ जॅकेटवाले), काहींत कार्बनचे. पण माझं मत विचाराल तर ताकदवान गाडीला कंपनीचाच. दीड-दोनशे डॉलरला पोटात गोळा येतो खरा. पण अकरा मैल दोराला लटकून या, मग बोलू.

चढवण्यापूर्वी क्लचच्या थाळ्या साफ करायच्या. माझ्या तुटलेल्या पट्ट्याचे दोरे मागच्या शाफ्टला सुतळीसारखे गुंडाळले होते, ते चिमट्याने काढण्यात एक अख्खा रविवार गेला. मग थाळ्या जाळीदार स्क्रबरने घासून अल्कोहोलने पुसल्या. नवा पट्टा कोमट साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवला, कारण साच्यातून सुटावा म्हणून लावलेला बुळबुळीतपणा त्याच्यावर असू शकतो. हे सगळं इंजिन बंद ठेवूनच. पट्ट्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने, नसेल तर अक्षरं सुलटी वाचता येतील असा बसवायचा, आणि पुढे ती दिशा बदलायची नाही. दोन क्लचच्या मधोमध दाबला की साधारण सवा इंच दबतो. नेमका आकडा मात्र तुमच्या मॅन्युअलचाच.

आता खरी मेख. नव्या पट्ट्याच्या बाजू थाळ्यांना पूर्ण टेकत नाहीत, थोड्याच जागी टेकतात. त्या अवस्थेत फुल थ्रॉटल दिलं की पट्टा घसरतो, तापतो, बाजू काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि मग त्या कधीच धड पकडत नाहीत. म्हणून पहिले ३० मैल, म्हणजे जवळपास ५० किलोमीटर, प्रोबेशन! थ्रॉटल शक्यतो निम्म्याच्या आत. वेग सतत थोडा कमी-जास्त करायचा, एकाच वेगाने रेटायचं नाही. जोरात उचलायचं नाही, मागे काही ओढायचं नाही. नव्या जॉयनीला पहिल्याच दिवशी क्लायंट कॉलवर एकटं बसवतात का? (आमच्याकडे बसवतात. पण ते सोडा.)

आणि जुन्या पट्ट्यालाही रोज सकाळी थोडी दया दाखवायची. रात्रीत ट्रॅक जमिनीला गोठून चिकटतो. तसंच थ्रॉटल दिलं तर क्लच फिरतो, पट्टा जागच्या जागी, आणि एकाच ठिकाणी डमरूसारखा खचतो. आधी मागचा बंपर धरून गाडी उचलून आपटायची, ट्रॅक सुटला की मगच निघायचं, पहिला मैल-दीड मैल सावकाश. जाड ग्लोव्ह्ज घालून ही आपटाआपटी करताना मी शेजाऱ्यांची मस्त करमणूक करतो. एवढं करूनही पट्टे पटापट जायला लागले, तर दोष पट्ट्याचा नाही. क्लच एका रेषेत आहेत का ते तपासून घ्या.

मित्राची एक युक्ती मात्र ढापण्यासारखी आहे. नवा पट्टा आणला की तो प्रोबेशन पूर्ण करतो आणि काढून स्पेअर म्हणून ठेवतो. रानात, अंधारात कोरा पट्टा चढवून ३० मैल जपून चालवायची चैन परवडत नाही. आता माझ्याही बॉनेटखाली एक आहे, त्यावर पांढऱ्या मार्करने '३०' लिहिलंय.

जळका पट्टा मी ऑफिसच्या क्यूबिकलमध्ये टांगलाय. परवा व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, "ते काय रे काळं लोंबतंय मागे?" दृष्ट लागू नये म्हणून, असं सांगितलं. बाई खूश झाली.