'जय भीम'सोबत चालण्याचीही आठवण द्या

विहाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहाटेपासून 'जय भीम, नमो बुद्धाय'चे संदेश सुरू होतात. त्याच ग्रुपमध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, अँजिओप्लास्टी झालेले आपले उपासक-उपासिकाही असतात. डॉक्टरांनी 'रोज चाला' म्हणून सांगितलेले असते. पण घरी आल्यावर कित्येक जण भीतीने बसून राहतात, घरचेही उठू देत नाहीत.

ऑस्ट्रेलियात सिडनी येथे ७१० हृदयरुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतील सुमारे निम्म्यांना सहा महिने, आठवड्याला चार साधे एसएमएस पाठवले. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संदेश मिळालेल्यांचे कोलेस्टेरॉल व रक्तदाब इतरांपेक्षा कमी होते, व्यायाम जास्त होता, धूम्रपानही कमी होते.

आपल्याला हे परके नाही. तथागतांनी चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. निरोगी राहणे आणि अन्न नीट पचणे हे त्यांतलेच.

आमचे म्हणणे असे, की प्रत्येक विहाराने हे काम एका तरुण कार्यकर्त्याकडे सोपवावे. रुग्णाची संमती घेऊन, ग्रुपवर नव्हे तर त्याच्याच नंबरवर आठवड्याला चार संदेश जावेत: 'काका, आज दहा मिनिटे चाललात का?' वाचता न येणाऱ्या आजींना बोलून रेकॉर्ड केलेला संदेश पाठवावा.

किती चालायचे हे डॉक्टरांनाच विचारावे. छातीत दुखले तर लगेच थांबावे, १०८ला फोन करावा. संदेश मिळतो म्हणून गोळ्या बंद करू नयेत.

येत्या पौर्णिमेच्या वंदनेनंतर नावे लिहून घ्या. खर्च काहीच नाही. आपल्या माणसाची काळजी तेवढी हवी.