थकवा पुडीने जात नाही

घोडबंदर रोडवर धावायचे तर पहाटे पाचलाच बाहेर पडावे लागते. उजाडल्यावर कापूरबावडीपासून गायमुखापर्यंतचा रस्ता वाहनांनी आणि मेट्रोच्या कामाच्या धुळीने भरून जातो. म्हणून मानपाडा, पातलीपाडा, कासारवडवलीचे धावपटू अंधारातच निघतात. कोणी उपवनला जातो, कोणी येऊरच्या चढावर. ऊन चढायच्या आत घरी, आणि मग दिवसभर काचेच्या ऑफिसात. ऑगस्टमधल्या ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनची तयारी तर सगळी ढगांखालीच होते. रोज दहा-पंधरा किलोमीटर धावणाऱ्या धडधाकट माणसाच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी निघाले, तर त्यात नवल नाही.

‘कोवळ्या उन्हात बसा’ हा घरोघरचा सल्ला इथे उपयोगाचा नाही. त्वचेत ड तयार होते ते सूर्याच्या अतिनील-ब किरणांमुळे. सूर्य खाली असताना हे किरण वातावरणातच अडतात. आपली सावली उंचीपेक्षा आखूड पडू लागली की ते पुरेसे पोचतात, म्हणजे ऑफिस सुरू झाल्यानंतर. काच त्यांना जवळजवळ पूर्ण अडवते. सावळ्या त्वचेला उन्हात जास्त वेळ थांबावे लागते, हेही लक्षात घ्यायला हवे.

ही कमतरता भरून काढायलाच हवी. पण तिच्यावर भलत्याच गोष्टींचे खापर फुटते आहे, ते थांबले पाहिजे. धावण्याचा वेग मंदावतो, झोप लागत नाही, चिडचिड होते, कामेच्छा उरत नाही. तपासणीत ड कमी दिसते आणि ‘यानेच टेस्टोस्टेरॉन घटले’ असा निष्कर्ष निघतो. मग 60,000 युनिटची पुडी दर आठवड्याला, डॉक्टरांना न विचारता, महिनोन्‌महिने चालू राहते. ड शरीरात हार्मोनसारखे काम करते आणि त्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी वृषणांतही असतात, हे खरे. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये जादा वजनाच्या पुरुषांना वर्षभर रोज 3,332 युनिट दिले, तेव्हा त्यांचे टेस्टोस्टेरॉन वाढले. तो निबंध 2011 चा. त्याचा गाजावाजा झाला. पण त्याच शहरात पुढे टेस्टोस्टेरॉन मुळात ठीक असलेल्या पुरुषांवर प्रयोग झाला. त्यांना बारा आठवडे दर आठवड्याला 20,000 युनिट दिले आणि काहीही फरक पडला नाही. 2017 च्या या निबंधाबद्दल कोणी बोलत नाही. पुडीचा अतिरेक मात्र रक्तातले कॅल्शियम वाढवतो आणि मूत्रपिंडावर बेततो.

खरे कारण बहुतेकदा ताटात आणि वेळापत्रकात असते. एका दिवसाच्या कसून व्यायामाने कॉर्टिसॉल आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही तात्पुरते वाढतात, मग खाली येतात. यात वावगे काही नाही. पण आठवडेच्या आठवडे श्रम वाढत गेले आणि जेवण तेवढेच राहिले, किंवा ‘वजन उतरले की वेग वाढतो’ म्हणून कमी केले, तर मेंदूतले हायपोथॅलॅमस पुनरुत्पादनाचा खर्च आवरते घेते. तिथून पिट्युटरीला जाणारे संदेश विरळ होतात. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घटते, स्त्रियांत इस्ट्रोजेन. अमेरिकन संशोधक अ‍ॅन लॉक्स यांच्या 2003 च्या प्रयोगात तरुण स्त्रियांना चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 30 कॅलरींपेक्षा कमी ऊर्जा मिळू दिली, तेव्हा अवघ्या पाच दिवसांत हे संदेश विस्कळीत झाले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले आणि ती पुरुष खेळाडूंनाही होते हे स्पष्ट केले. आपल्याकडे श्रावणातले उपवास आणि ऑगस्टच्या शर्यतीचा सराव एकाच वेळी येतात. उपवास जरूर करावा, पण त्या दिवशी लांब पल्ला धावू नये.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मुलींची. पाळी थांबली की घरात ‘धावते ना, म्हणून असेल’ असे म्हणून विषय संपतो. इस्ट्रोजेन कमी, त्यात ड कमी, म्हणजे हाडांचे दोन्ही आधार एकदम सुटतात आणि नडगीला बारीक तडा जातो. अमेरिकी नौदलाच्या नवशिक्या महिला सैनिकांना रोज 2,000 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 800 युनिट ड दिल्यावर असे तडे वीस टक्क्यांनी घटले होते. ड ची खरी किंमत इथे आहे, हाडांत. तिथे ते द्यावे, डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि मोजून द्यावे.

ठाण्यातल्या प्रत्येक प्रशिक्षकाने सरावाच्या वहीत वेळ आणि अंतराशेजारी झोप आणि जेवणही लिहून घ्यावे. आणि एखाद्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर पुढच्या शर्यतीचा अर्ज भरण्याआधी तिला डॉक्टरांकडे न्यावे.